बॅटफिश पाळताय? आधी त्याला खायला लावा

दुकानात तळहातावर मावेल एवढा दिसणारा बॅटफिश, हा खाऱ्या पाण्याच्या टाकीतला शोभेचा मासा, पुढे जेवणाच्या ताटाहून मोठा होतो. ऑर्बिक्युलेट आणि टेइरा या दोन्ही जाती अर्ध्या मीटरच्या पुढे जाऊ शकतात आणि त्यांची वाढही झपाट्याने होते. त्यामुळे ‘सध्या लहान टाकीत ठेवा, मोठा झाला की बघू’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. टाकी नुसती लांब असून भागत नाही, तिला उंची हवी. पिल्लाचे वरचे-खालचे पर धरले तर त्याची उंची लांबीहून जास्त भरते. पाऊण मीटरपेक्षा कमी खोलीच्या टाकीत हा मासा ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी दीड हजार लिटरच्या वर असेल तरच विचार करा.

पाण्याचं नेहमीचंच गणित: २४ ते २७ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व (पाण्यातल्या मिठाचं माप) १.०२३ ते १.०२५, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारं यंत्र) दणकट हवा, कारण हा मासा भरपूर खातो आणि तेवढीच घाण करतो.

जात निवडताना पिनॅटसच्या मोहात पडू नका. काळ्याभोर अंगाला नारिंगी किनार असलेलं ते पिल्लू पाहून कोणीही भुलतं, पण बंदिस्त टाकीत ते बहुतेकदा अन्नाला तोंडच लावत नाही. ऑर्बिक्युलेट सर्वांत सोपा. त्याचं पिल्लू वाळक्या पानाचं सोंग घेऊन कुशीवर तरंगतं, ते पाहून मासा आजारी आहे असं समजू नका. घेण्याआधी विक्रेत्याला तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. खात नसेल तर मासा तिथेच राहू द्या.

आता खरी कसोटी, क्वारंटाइन टाकीतला, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवतात त्या टाकीतला, पहिला आठवडा. बॅटफिशला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पटकन होतो, म्हणून मी पहिल्याच दिवशी पाण्यात कॉपर (त्या रोगावरचं तांब्याचं औषध) टाकलं होतं. उपाशी, प्रवासाने दमलेल्या माशाने त्यानंतर खाण्याकडे पाहिलंच नाही आणि तो गेला. अंगावर रोग दिसत नसेल तर आधी खायला लावा, औषधाचं मग बघा.

टाकीच्या तीन बाजू कागदाने झाका, उजेड मंद ठेवा आणि आडोशाला रुंद पाइप ठेवा. पहिले दोन-तीन दिवस जिवंत ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवलेसे जीव) द्या आणि देताना पंप बंद करा. मासा श्रिंपजवळ येतो, डोळा फिरवून पाहतो, तोंडात घेतो आणि थुंकतो. इथे लोक घाबरून खाणं बदलत बसतात. बदलू नका. थुंकतोय म्हणजे भूक जागी आहे. दिवसातून चार-पाच वेळा चिमूटभरच द्या आणि उरलेलं लगेच नळीने ओढून काढा. गिळायला लागला की त्यातच वितळवलेलं मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जीवांचं गोठवलेलं खाद्य) मिसळा आणि रोज त्याचं प्रमाण वाढवा. नजर पोटावर आणि डोक्यामागच्या मांसावर ठेवा. तिथे खळगा पडला असेल तर मासा खाताना दिसला तरी त्याला ते पुरत नाहीये.

अमोनिया रोज तपासा. आधीपासून चालू असलेल्या टाकीतला मुरलेला, म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू रुजलेला, स्पंज फिल्टर नसेल तर क्वारंटाइन सुरूच करू नका. कॉपर द्यावं लागलंच तर मोजणीच्या किटशिवाय एक थेंबही नको.

चार ते सहा आठवड्यांनी मुख्य टाकीत हलवा. जाळी वापरू नका, लांब पर तिच्यात अडकून फाटतात. पाण्याने भरलेल्या डब्यात मासा हळूच वळवून घ्या.

सोबतीला ट्रिगरफिश आणि पफर नकोत, ते पर कुरतडतात. प्रवाळ आणि समुद्रफुलं असलेल्या टाकीत तर बॅटफिश सोडूच नका, तो ती टोचून खातो. रुळला की चिरलेली कोळंबी, मायसिस आणि क्लिपला लावलेली नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), सगळं खातो आणि थोड्याच दिवसांत तुमच्या हातातून घास घ्यायला वर येतो. वाढत्या वयात अंग गोल होत जातं आणि ते डौलदार लांब पर त्या मानाने आखूड दिसू लागतात. पर कोणी कुरतडल्याच्या खुणा नसतील तर ही नैसर्गिक वाढ आहे, त्यावर औषध शोधू नका.