साइटवर सेफ्टी सिस्टीम राबवताय? या चुका टाळा

घोडबंदर रोडपासून उलव्यापर्यंत कुठल्याही टॉवरच्या साइटवर जा, चुका त्याच त्याच दिसतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे परमिट, म्हणजे काम सुरू करायची लेखी परवानगी, ऑफिसात बसून भरणं. उंचीवरच्या कामाचं परमिट त्या जागेपुरतं, त्या पाळीपुरतं असतं, पण लोक सोमवारीच आठवडाभराच्या कागदांवर सह्या मारून ठेवतात. खारघरला एका साइटवर स्लॅबच्या कडेला काम चालू होतं, परमिटवर 'लाइफलाइन तपासली' म्हणून टिक होती; लाइफलाइन म्हणजे हार्नेसचा (अंगावरच्या सेफ्टी पट्ट्यांचा) हूक अडकवायचा दोर. वर जाऊन बघतो तर लाइन बांधलेली शटरिंगच्या जॅकला (स्लॅबच्या साच्याखालच्या तात्पुरत्या टेकूला), आणि रात्रपाळीच्या सेंट्रिंगवाल्यांनी त्याच बाजूचे जॅक काढत आणलेले! पोरांनी हार्नेस घातलेले, हूकसुद्धा लावलेले, पण कोणी घसरलं असतं तर जॅकसकट खाली. काम थांबवलं, लाइन पक्क्या कॉलमला बांधून घेतली, त्यात अर्धा दिवस गेला आणि वरून ओरडा आला की कास्टिंग (काँक्रीट ओतणं) लांबणार. लांबू दे.

मी परमिट कामाच्या जागेवर उभं राहूनच भरतो, लाइन जिथे बांधलीय तिथपर्यंत चालत जातो आणि आधीच्या पाळीनं काय काय काढलं ते मुकादमाला विचारतो. नवीन सेफ्टी ऑफिसर पोरांना याचा कंटाळा येतो, फोटो ॲपवर चढवला की काम झालं असं त्यांना वाटतं, ते मला अजिबात पटत नाही.

टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीचं सेफ्टीचं छोटं बोलणं, इंग्रजीत वाचून रजिस्टरवर अंगठे घेऊ नका. लेबर झारखंड, बंगालचं, हिंदीत बोला आणि फक्त आज जे काम आहे त्यावरच बोला.

हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावलेला हवा.

खाडीकडच्या भरावात खोदताना दीड मीटरच्या खाली गेलात की शोरिंग (बाजू धरून ठेवणारे टेकू) लावा नाहीतर बाजूंना उतार द्या. काढलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब, खड्डा खोल असेल तर खोलीच्या निम्म्याइतकी लांब टाका. पाऊस पडून गेला की माणूस आत उतरवायच्या आधी काठ परत बघा.

लिफ्टच्या बाबतीत तर घाई करूच नका. ठाण्यात बाळकुमला सप्टेंबर २०२३ मध्ये ४० मजली इमारतीतली लिफ्ट कोसळून ७ कामगार गेले. मटेरियलच्या लिफ्टमध्ये माणसं चढवायचीच नाहीत आणि माणसांच्या लिफ्टची सकाळची पहिली फेरी रिकामीच मारायची.

आणि नियर मिसचं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं, रजिस्टर कोरं असेल तर खुश होऊ नका, पोरं दंडाला घाबरून गप्प बसलीत. जो येऊन सांगेल त्याची हजेरी कापायची नाही, हे पेटी ठेकेदाराकडून (मोठ्या ठेकेदाराच्या हाताखालच्या छोट्या ठेकेदाराकडून) पहिल्याच दिवशी कबूल करून घ्या.