जुन्या गॅन रेल्वेचे अवशेष: मारी ते ऊडनाडाटा काय शोधावं आणि कसं ओळखावं

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात जुनी गॅन रेल्वे पाहायला जाणारे बहुतेक जण रूळ शोधत फिरतात. रूळ जवळजवळ सगळीकडचे उचलून नेले आहेत. माग धरायचा तो पाण्याचा.

हा मार्ग आखला गेला तो झऱ्यांच्या रांगेवरून. जमिनीखालच्या ग्रेट आर्टेशियन खोऱ्यातलं पाणी इथे दाबाने आपोआप वर येतं. त्याच झऱ्यांच्या आधाराने आधी शोधप्रवासी जॉन मॅकडूअल स्टुअर्ट उत्तरेला गेला, १८७२ साली तारायंत्राची लाइन पूर्ण झाली आणि मग १०६७ मिलिमीटर गेजची, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं असलेली, रेल्वे आली. पोर्ट ऑगस्टाहून १८७८ मध्ये सुरू झालेलं काम १८८४ मध्ये मारीला, १८९१ मध्ये ऊडनाडाटाला आणि १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला पोहोचलं. वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं म्हणून लाइन सखल भागातून नेली, आणि सखल भागात पूर आला की तीच लाइन वाहून जायची. अखेर पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर नवी लाइन टाकली आणि १९८० साली जुनी बंद झाली.

आधी घरी बसून उपग्रह नकाशावर मार्ग आखून घ्या. मारी ते ऊडनाडाटा ही जुनी लाइन ऊडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्याच्या आजूबाजूने जाते आणि त्याला पुनःपुन्हा ओलांडते. रस्ता, कुंपण आणि रेल्वे यांत गल्लत होते. कुंपण पट्टीने आखल्यासारखं सरळ असतं आणि टेकडी आली तरी वळत नाही. रस्ता नाल्याजवळ उतार सोपा असेल तिथे मुरडतो. रेल्वेला यातलं काहीच परवडत नाही. तिचं वळण लांब आणि संथ, चढ हलका, आणि भरावासाठी माती काढलेल्या खड्ड्यांची रांग बाजूला. नाला आला की रेघ तुटते आणि पलीकडे त्याच दिशेत पुन्हा सुरू होते. मधे मोरीचे दगड किंवा पुलाचे खांब असणार, ती जागा खूण करून ठेवा. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण गावं सोडली की रेंज नसते.

जायचं मे ते ऑगस्टमध्ये. उन्हाळ्याशी खेळू नका: २ जानेवारी १९६० रोजी ऊडनाडाटाला ५०.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. पाऊस पडला की रस्ता चिकट चिखल होतो आणि सरकार तो बंद करतं. बंद रस्त्यावर गाडी घातली तर मोठा दंड होतो, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी सरकारी रस्ता-अहवाल पाहाच. ॲडलेड-मेलबर्नच्या मराठी मंडळींनी भाड्याची गाडी घेताना करार नीट वाचावा. साध्या गाड्यांच्या करारात कच्चा रस्ता बहुधा चालत नाही आणि मग विमाही लागू होत नाही.

माणशी रोज किमान १० लिटर पाणी, त्यावर आणखी तीन दिवसांचा साठा. दोन स्टेपन्या. टायरची हवा २६ ते २८ पीएसआयपर्यंत उतरवा आणि ताशी ८० किलोमीटरच्या आतच राहा. हवा कमी ठेवून वेगाने गेलं तर टायर तापून फाटतो. पेट्रोल-डिझेल मारी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्ला इथेच मिळतं, प्रत्येक टप्पा साधारण २०० किलोमीटरचा. सॅटेलाइट फोन किंवा आणीबाणीचा बीकन (मदतीचा इशारा पाठवणारं यंत्र) सोबत हवा.

भरावावर गाडी चढवायची नाही. रूळ गेले तरी स्लीपरमधून (रुळांखालच्या आडव्या ओंडक्यांमधून) उपटलेले खिळे खडीत पडून आहेत, ते थेट टायरमध्ये शिरतात. शिवाय मोऱ्यांचा माथा आतून पोकळ झालेला असतो. गाडी रस्त्यावर ठेवून पायी जा, जाड तळाचे बूट घाला.

मारीच्या स्टेशनात जुनी डिझेल इंजिनं उभी आहेत, ती आधी बघा. पुढचं सगळं समजायला त्यांचा उपयोग होतो. १९५४ मध्ये या लाइनवर डिझेल आलं आणि पाण्याच्या टाक्या एका फटक्यात निरुपयोगी झाल्या. म्हणजे इथे दोन पिढ्यांचे अवशेष आहेत: टाक्या आणि पाणी शुद्ध करण्याचे मनोरे रेल्वे चालू असतानाच निकामी झाले, तर गँगमनांची (रूळ दुरुस्त करणाऱ्या कामगारांची) दगडी घरं आणि सायडिंग, म्हणजे मुख्य लाइनीतून फुटणारे बाजूचे रूळ, रेल्वे बंद झाल्यावर ओस पडले. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा, हे कोणत्या पिढीचं?

मारीहून साधारण १०० किलोमीटरवर कर्डिमर्का हे जुनं स्टेशन. इथे घाई करू नका. दगडी इमारत, रुळाचा शिल्लक तुकडा, टाकी आणि शेजारी उंच लोखंडी मनोरा असं सगळं एकत्र फार थोड्या ठिकाणी उरलं आहे. मनोरा पाणी मृदू करण्यासाठी होता. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांची खपली बॉयलरच्या नळ्यांवर बसली की उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, नळ्या तापून गळू लागतात. मनोऱ्यात चुना आणि सोडा मिसळला की कठीणपणाचे क्षार गाळ होऊन खाली बसायचे आणि वरचं पाणी इंजिनाला जायचं. आत येणारा आणि बाहेर जाणारा पाइप शोधा, गाळ सोडण्याची तळाची तोटी शोधा. पाण्याचा प्रवास तुम्हाला मांडता येईल. रुळाच्या तुकड्यावर टेप लावून गेज मोजा, मात्र दोन्ही रुळांच्या आतल्या कडांमध्ये. बाहेरून मोजल्यामुळे आकडा चुकतो. पुढे जिथे रूळ नाहीत तिथे खडीत स्लीपरचे आडवे ठसे दिसतात, ते याच्याशी ताडून पाहा.

पुढे वाब्मा कडार्बू उद्यानात बब्लर हा जिवंत झरा आहे, आणि कावर्ड स्प्रिंग्जला रेल्वेच्या बोअरच्या पाण्यावर पाणथळ जागा तयार झाली आहे, जवळ खजुराची झाडं आणि मुक्कामाची सोय आहे. बेरेसफर्डला पुन्हा मनोरा आणि घर दिसतं. कर्डिमर्का नीट पाहिलं असेल तर इथे अर्धा तास पुरे. काटी थांडा-लेक एअर या खाऱ्या सरोवराच्या पात्रात उतरू नका, इथल्या मूळ रहिवासी अराबाना लोकांसाठी ती पवित्र जागा आहे.

ऊडनाडाटाच्या अलीकडे साधारण ५५ किलोमीटरवर नील्स नदीवरचा अल्जेबकिना पूल, या लाइनवरचं सर्वात मोठं काम. ५७८ मीटर, १९ गाळे. लहान नाल्यांत पैसे वाचवायला रूळ जवळजवळ तळावरूनच नेले होते, पुरात ते धुपले की गाडी दिवसेंदिवस अडकायची. नील्स नदीला ती युक्ती चालणारी नव्हती. खांबांभोवती अडकलेला काडीकचरा किती उंचीवर आहे ते पाहा, पुराची पातळी कळते. पुलावर चढायचं नाही. पडक्या घरात छताखाली उभं राहायचं नाही, दगडांच्या फटीत हात घालायचा नाही, साप असतात.

खिळा, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी), बाटली, काहीही उचलू नका. वस्तू जिथे पडली आहे तिथेच ती काही सांगते: खिळ्यांची रांग सायडिंग कुठून फुटत होतं ते दाखवते, आणि एक खिळा उचलला तरी ती रांग तुटते. शिवाय वारसा कायद्याने तो गुन्हा ठरू शकतो. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा आणि जीपीएसची नोंद घ्या.

ऊडनाडाटाला स्टेशनच्या इमारतीतलं संग्रहालय पाहून घ्या. इथून रस्ता पश्चिमेला मार्लाकडे वळतो आणि रेल्वेचा भराव फिंकमार्गे उत्तरेला ॲलिस स्प्रिंग्जकडे जातो. तो टप्पा वेगळ्या तयारीचा आहे: मऊ वाळू, खिळ्यांचा त्रास आणखी जास्त, मदत दूर. फोर बाय फोर गाडी, टायर दुरुस्तीचा संच, हवेचा कॉम्प्रेसर आणि सोबत दुसरी गाडी नसेल तर मार्लाचा रस्ता धरा.