हिवाळ्यात सायकल काढताय? या चुका टाळा

‘पुण्याची थंडी ती काय, लडाख थोडंच आहे?’ असं मीही म्हणायचे. आपल्याकडे नुसत्या थंडीने सहसा कोणी आडवं होत नाही, हे खरंच आहे. आडवं करतो तो पहाटेचा अंधार, नाहीतर अंगातला घाम.

पहिली चूक गजराची. मे महिन्यात पुण्यात सहाच्या सुमाराला सूर्य उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. उन्हाळ्यातला साडेपाचचा गजर तसाच ठेवला, तर निम्मी राइड काळोखात होते. त्यात धरणाच्या नाहीतर नदीच्या कडेने जाणारा रस्ता असेल तर धुकं ठरलेलंच. जानेवारीत साडेसहाच्या आधी मी गावाबाहेर पडत नाही. ग्रुपवर आळशी म्हणतात, म्हणू देत.

बारामती, फलटण, कोल्हापूरकडे जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं: थंडी म्हणजे गळीत हंगाम. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, आणि बाहेर लोंबणाऱ्या उसात मागचा दिवा असलाच तरी झाकलेला. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यातच उभी असते आणि मागे दगड लावलेले. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात. समोरून गाडीचा झोत आला की डोळे दिपतात आणि नेमकं त्याच क्षणी हे काही दिसत नाही. म्हणून झोत आला की आधी वेग कमी करा. रस्त्यावर पडलेलं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, दवाने ओलं झालं की चाक सरकतं. त्यावर ब्रेक दाबू नका, सरळ जाऊ द्या.

धुक्यात पुढचा दिवा पूर्ण उजेडात समोर रोखला तर पांढरी भिंतच दिसते. दिव्याचं तोंड खाली, रस्त्याकडे करा. मागे नुसता लुकलुकणारा दिवा पुरत नाही, अंतराचा अंदाज येत नाही. एक स्थिर लाल दिवाही हवा.

आता घामाचं. एका डिसेंबरात पातळ जर्सीवर सिंहगड चढले. वर पोचेपर्यंत पाठ चिंब. मग अर्धा तास कांदाभजी, आणि हौसेने मडक्यातलं दहीसुद्धा! उतारावर तिसऱ्या वळणापर्यंत बोटं लाकडासारखी झाली. ब्रेक दाबला असं वाटत होतं, प्रत्यक्षात लिव्हर जेमतेम हललेला. वळणाबाहेर गेले, समोरून गाडी आली नाही एवढंच नशीब. दहा अंश तापमानात ताशी चाळीसच्या वेगाने उतरताना उघड्या कातडीला साधारण सहा अंशांइतकं गार लागतं, ओल्या कपड्यात त्याहून जास्त.

तेव्हापासून कोरडा बनियन प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर असतो. वर पोचल्यावर आधी कपडे बदलायचे, मग भजी. विंडचीटर चढताना काढायचा, उतरताना घालायचा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. निघताना थोडं कुडकुडलं पाहिजे. घरातून उबदार निघालात तर दोन किलोमीटरवर घामाघूम व्हाल. विंडचीटर विसरलात तर टपरीवाल्या मावशींकडून रद्दी पेपर मागून घ्या आणि जर्सीच्या आत छातीवर सरकवा. जुनी युक्ती आहे, वारा अडतो. बोटं बधिर झाली तर सायकल थांबवून हात काखेत धरा आणि लिव्हर नीट दाबता येईपर्यंत निघू नका.

हातमोजे पूर्ण बोटांचे घ्या. हेल्मेटखाली जाड माकडटोपी नको. हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही आणि मागचा हॉर्नही ऐकू येत नाही. कान झाकणारी पातळ पट्टी पुरते. तहान लागत नाही म्हणून बाटली भरलेलीच घरी येते, तेही चुकीचं. मी कोमट पाणी भरते, म्हणजे प्यायलं जातं.

आणि बाभळीचा काटा थंडी बघून येत नाही. गारठलेल्या बोटांनी टायर रिममधून निघता निघत नाही, म्हणून टायर लिव्हर दोन ठेवा. पंक्चर काढायला रस्त्याच्या कडेला बसू नका. सायकल ढकलत टपरीपर्यंत न्या, चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरा, मग चाक उघडा.