सगळ्या मुलांनी हसऱ्या चेहऱ्यावरच टिक केली? या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही मनगटी पट्ट्याचा नमुना घेऊन गेलो होतो. पट्टा कसा वाटला, त्या चेहऱ्यावर खूण करा, असं सांगून कागद वाटले. पोरांनी २२ कागदांवर २२ हसरे चेहरे रंगवले. आम्ही खूश. निघताना एकाच्या मनगटावर बकलाचा लाल वण दिसला; त्याच्याच कागदावरचा चेहरा सगळ्यात मोठा हसत होता.

चूक पट्ट्यात होती, पण आधी कागदात होती. त्यावरची नाराज ते हसऱ्या अशा पाच चेहऱ्यांची ओळ, म्हणजे स्मायलीओमीटर, ब्रिटनच्या संशोधक जेनेट रीड आणि सहकाऱ्यांची. लहान मुलं त्यात टोकाचाच हसरा चेहरा निवडतात, हे वारंवार दिसलंय. समोर पाहुणे, बाजूला गुरुजी; ‘आवडलं नाही’ म्हणायला कोण धजेल? त्यापेक्षा दोन वेगळे पट्टे द्या आणि विचारा, ‘उद्या यातला कुठला घालून येशील?’ निम्म्या मुलांना आधी पहिला, निम्म्यांना आधी दुसरा. ‘पुन्हा घालशील काय?’ याला होय, नाही, बघू अशी तीन उत्तरं पुरतात. आणि ‘हा मी बनवलाय’ हे चुकूनही सांगू नका.

वण शोधायचा तर हाताचं नुसतं रेखाचित्र द्या. जिथं टोचतं तिथं लाल खडू, जिथं घाम येतो तिथं निळा. पट्टा काढल्यावर मनगट स्वतःही बघा.

आमच्या कागदावर ‘त्वचेस अस्वस्थता जाणवते का?’ असं छापलं होतं. पुण्याची मराठी! इथं ‘रुततंय काय? खाजतंय काय?’ असं विचारावं लागतं. एखादं पोर घट्ट म्हणायला कन्नडमधलं ‘बिगि’ म्हणेल; तेही जसंच्या तसं टिपा, सुधारू नका. पालकांच्या संमतीचं पत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत हवं. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच.

वर्गात बसवून पाच मिनिटं घालायला लावणं हीही फसवणूकच. मधल्या सुट्टीत पळू द्या, नळावर हात धुऊ द्या. खानापूरच्या पावसात रेनकोटची ओली बाही पट्ट्यावर चढते काय, हे जूनशिवाय कळत नाही.

नमुन्यात बटण सेल असेल तर झाकण स्क्रूनं बंद करा. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. आता आम्ही वाटताना नमुने मोजतो, परत घेताना पुन्हा मोजतो, आणि आकडा जुळेपर्यंत वर्ग सोडत नाही.