‘धोका माझा, निर्णय माझा’ हा दावा कसा तपासावा

साथीच्या काळात ‘धोका माझा, निर्णय माझा’ असे कोणी म्हटले, की त्याला लगेच बेजबाबदार ठरवू नये आणि लगेच मानही डोलावू नये. आधी तो धोका कोणाच्या शरीरापाशी थांबतो, हे पाहावे. एकट्याने कडा चढणारा गिर्यारोहक पडला, तर बहुधा एकटाच पडतो. कोविडचा संसर्ग झालेला माणूस मात्र लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच तो इतरांना देऊ शकतो, म्हणजे आपण आजारी आहोत हे त्याला कळण्यापूर्वीच त्याचा धोका दुसऱ्याच्या वाट्याला गेलेला असतो.

मग संमती पाहावी. २०२१ साली लंडनमध्ये एका वैद्यकीय प्रयोगात १८ ते २९ वयाच्या ३६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात कोविडचा विषाणू मुद्दाम सोडण्यात आला. त्यांनी समजून-उमजून संमती दिली होती हे खरेच. पण त्यानंतर किमान १४ दिवस ते विलगीकरणात राहिले, आणि त्या भिंतींमुळेच तो धोका त्यांचा स्वतःचा राहिला. दावा करणाऱ्याला म्हणून विचारावे, की तुमच्या धोक्याला अशी भिंत कोठे आहे? घरात कर्करोगावर उपचार घेणारे कोणी असेल, तर मास्क न लावण्याचा निर्णय एकट्याचा उरत नाही.

‘रुग्णालयांवर ताण येतो’ हा युक्तिवाद मात्र जपून वापरावा. तो सैल सोडला, तर धूम्रपान, गोडधोड, दुचाकी असे सगळेच बंदीच्या यादीत जाईल. खाटा आणि प्राणवायू खरोखर अपुरे पडू लागले असतील, तेव्हाच त्याला वजन येते.

शासनाच्या उपायांचीही अशीच झडती घ्यावी. मानवी हक्कांवर निर्बंध केव्हा घालता येतात हे सांगणाऱ्या १९८४ च्या आंतरराष्ट्रीय सिराक्यूझा तत्त्वांनुसार निर्बंधाला कायद्याचा आधार हवा, त्याची गरज हवी आणि त्याहून सौम्य उपाय उपलब्ध नसावा. मोकळ्या हवेत एकट्याने फिरण्यावरची बंदी या कसोटीला सहसा उतरत नाही, असे माझे मत आहे. कोंदट सभागृहातील गर्दीवरची उतरते. सक्तीतही पायऱ्या असतात. जेकबसन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ साली देवीच्या लसीची सक्ती वैध ठरवली, पण ती न पाळणाऱ्याला दंड होता पाच डॉलरचा. कोणाला धरून लस टोचण्याचा तो आदेश नव्हता. तेव्हा आदेश वाचताना तो मोडल्यास नेमके काय होणार, तो किती दिवसांचा आहे आणि त्याची झळ कोणाला बसणार, हे शोधावे. घरी थांबल्याने ज्याची रोजची मजुरी बुडते, त्याच्याकडून विलगीकरणाची अपेक्षा असेल, तर त्या दिवसांच्या भरपाईची तरतूद त्याच आदेशात आहे का ते पाहावे, आणि नसेल तर पहिला आक्षेप तेथे नोंदवावा.