कॉर्ड्स दिसतायत, ट्यूब जात नाही : व्हिडिओ लॅरिंगोस्कोप वापरताना या चुका टाळा

पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होती, भूल द्यायला मी. तालुक्याच्या गावातलं छोटं नर्सिंग होम, पेशंट ४५ वर्षांच्या बाई, वजन ९२ किलो, मान आखूड. बॅगेतून व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (श्वासाची ट्यूब घालताना घसा स्क्रीनवर दाखवणारं कॅमेऱ्याचं उपकरण) काढला, जास्त वळणाचं ब्लेड लावलं आणि तोंडात सरकवताच स्क्रीनभर कॉर्ड्स, म्हणजे स्वरतंतू, दिसल्या. सर्जन खांद्यावरून डोकावून म्हणाले, "समोरच तर आहे, घाला की!" पुढची ४० सेकंद मी घालतच होतो. ट्यूबचं टोक दर वेळी ॲरिटेनॉइडवर (कॉर्ड्सच्या मागच्या कूर्चेवर) आपटायचं आणि मागं अन्ननलिकेकडं घसरायचं. सॅच्युरेशन ९९ वरून ९२ वर आलं तसं ब्लेड बाहेर काढलं, मास्कने ऑक्सिजन दिला. दुसऱ्या खेपेला ब्लेड थोडं मागं ठेवलं, कॉर्ड्स जेमतेम अर्ध्या दिसू दिल्या, आणि ट्यूब लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

पहिल्या खेपेला माझं चुकलं काय? चित्र फार चांगलं होतं, हेच चुकलं.

साध्या, कॅमेरा नसलेल्या मॅकिंटॉश ब्लेडने आपण जीभ डावीकडं ढकलतो, जबडा उचलतो आणि डोळ्यापासून कॉर्डपर्यंत सरळ वाट मोकळी करतो. डोळ्याला जी वाट दिसते त्याच वाटेने ट्यूब जाते, म्हणून दिसलं की झालं. जास्त वळणाच्या ब्लेडचा हिशेब वेगळा. कॅनडातले सर्जन जॉन पेसी यांनी २००१ मध्ये ग्लाइडस्कोप आणला, त्याच्या ब्लेडला साधारण ६० अंशांचं वळण होतं. सी-मॅकचं डी-ब्लेड, मॅकग्राथचं एक्स-ब्लेड त्याच कुळातली. इथं कॅमेरा जिभेच्या कोपऱ्यावरून पलीकडं डोकावतो, सरळ वाट कुणी मोकळी केलेलीच नसते. दिसतं कॅमेऱ्याला, आणि ट्यूबला मात्र तो कोपरा स्वतः वळून पार करावा लागतो. ब्लेड जितकं आत आणि जितकं उचललेलं, तितका स्वरयंत्राचा कोन पुढं कलतो आणि ट्यूबची चढण उभी होते.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: संपूर्ण कॉर्ड्स दिसल्या की ब्लेड एक-दोन सेंटिमीटर मागं घ्या, उचलण्याचा जोर कमी करा. कॉर्ड्स स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागात, निम्म्याच दिसाव्यात. खालच्या अर्ध्यात ट्यूबला यायला जागा राहते. नव्या रेसिडेंटला हे पटत नाही, ग्रेड वन व्ह्यू (कॉर्ड्स पूर्ण दिसणं) मुद्दाम बिघडवायचा म्हणजे काय! एकदा करून बघितलं की पटतं.

स्टायलेटचा कंटाळा

"साधी ट्यूबच द्या सिस्टर, बघू" असं म्हणणारे आपल्यात खूप आहेत. मॅकिंटॉश आकाराच्या व्हिडिओ ब्लेडवर हे बहुतेक वेळा खपतं. जास्त वळणाच्या ब्लेडवर नाही. तिथं कडक स्टायलेट (ट्यूबला आकार देणारी आतली तार) ब्लेडच्याच वळणाचा हवा, आणि त्याचं टोक ट्यूबच्या आतच राहिलं पाहिजे. नेहमीचा मऊ बूजी (आधी आत घालून ज्यावरून ट्यूब सरकवतात ती लांब काडी) इथं फसवतो, कारण दिलेला बाक तो धरून ठेवत नाही, आत जाईपर्यंत सरळ होतो.

ट्यूबचं टोक कॉर्ड्समधून आत गेलं, पण पुढं सरकेना? ती श्वासनलिकेच्या पुढच्या भिंतीला टेकलेली असते, आणि इथं जोर लावणं ही सगळ्यात वाईट चूक. स्टायलेट ३ ते ५ सेंटिमीटर मागं घ्यायला सांगा म्हणजे टोक मऊ होतं. तरी अडली तर ट्यूब घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवा. स्टायलेट काढताना तो सरळ वर ओढायचा नसतो, पेशंटच्या छातीच्या दिशेने कमानीत काढायचा. सरळ ओढला तर मागोमाग ट्यूबही बाहेर येते. हे काम सहाय्यकाच्या हातात असतं, तेव्हा भूल देण्याआधीच त्याला एकदा दाखवून ठेवा. पेशंट झोपल्यावर "अहो, इकडं नाही, तिकडं ओढा" असा गोंधळ नको.

नजर स्क्रीनवर, ट्यूब टाळूत

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती करणाऱ्याला कळतसुद्धा नाही. ब्लेड गेलं की नजर स्क्रीनला चिकटते. उजव्या हातातली ट्यूब तोंडात शिरते तेव्हा ती कॅमेऱ्याच्या टप्प्यात नसते. ओठापासून घशापर्यंतचा तो पट्टा कुणालाच दिसत नाही. कडक स्टायलेटवरची ट्यूब त्या अंधारात मऊ टाळू किंवा टॉन्सिलशेजारची कमान फोडून जाऊ शकते, विशेषतः उजव्या बाजूची. अशा जखमा वैद्यकीय नियतकालिकांत अनेकदा नोंदल्या गेल्या आहेत. कधी ट्यूब टाळूतून आरपार जाऊन कॉर्ड्समध्ये व्यवस्थित बसते, उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेखही सुरेख येतो, आणि जखम कळते ती शेवटी सक्शन करताना.

क्रम असा ठेवा. तोंडाकडं बघून ब्लेड घाला. स्क्रीनकडं बघून कॉर्ड्स शोधा. पुन्हा तोंडाकडं बघा, ट्यूब उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून आडवी घाला आणि ब्लेडला चिकटून फिरवत आत न्या. टोक ब्लेडच्या वळणामागं दिसेनासं झालं की मगच नजर स्क्रीनवर. अडथळा लागला आणि स्क्रीनवर ट्यूब नाही, तर ढकलू नका, मागं घ्या.

स्क्रीनमुळे आणखी एक गंमत होते: ओटीतला प्रत्येक जण तज्ज्ञ होतो. "थोडं डावीकडं", "आता घाला", "अरे गेली होती!" चांगल्या सहाय्यकाला चित्र दिसतं याचा फायदा खरा, गळा बाहेरून कुठं दाबायचा हे तो स्वतः बघून ठरवतो. बाकीच्यांना एकदा नम्रपणे गप्प करावं लागतं.

तोंडच उघडत नाही

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि ओपीडीत रोज गुटख्याने आवळलेली तोंडं येतात. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये गालातले पट्टे तंतुमय झालेले असतात. ते स्नायू नव्हेत, म्हणून स्नायू सैल करणारं रिलॅक्सण्ट दिल्यावर तोंड उघडेल ही आशा फोल. दोन बोटंही जात नसतील तिथं ब्लेड आत जाऊन ट्यूबला जागा उरणार नाही. "माझ्याकडं व्हीएल (व्हिडिओ लॅरिंगोस्कोप) आहे" या भरवशावर अशा पेशंटला झोपवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. आदल्या दिवशी बोटं घालून मोजा, आणि जागेपणी फायबरऑप्टिकने (लवचिक दुर्बिणीने) ट्यूब घालायची तयारी ठेवा. ती सोय नसेल तर पेशंट असेल तिथं पाठवा.

स्थूल पेशंटमध्ये अडचण उलटी: तोंड उघडतं, पण हँडल छातीला अडतं. खांद्याखाली चादरींची चढण करून कान आणि छातीच्या हाडाची खाच एका रेषेत आणा. व्हिडिओ आहे म्हणून पोझिशनचा आळस करणारे बरेच बघितलेत. ऑक्सिजनही तसाच: आधीची ३ मिनिटं टाळू नका आणि नाकातली नळी प्रयत्न चालू असताना १५ लिटरवर सुरू ठेवा.

धुकं, रक्त, बॅटरी

भिंगावर धुकं येतं ते थंड ब्लेडमुळे. ब्लेडमध्ये हीटर असेल तर मिनिटभर आधी चालू करा, नसेल तर ब्लेड कोमट सलाइनमध्ये धरून पुसा. घशात रक्त किंवा उलटी असेल तर आधी जाड सक्शन, मग ब्लेड. एकदा भिंग माखलं की महागातला कॅमेराही आंधळा. बॅटरी पेशंट टेबलावर येण्याआधी बघा, आणि साधा मॅकिंटॉश शेजारी तयार ठेवा. माझ्या बॅगेत तो अजून असतो. धुण्याचं म्हणाल तर ब्लेड ऑटोक्लेव्हमध्ये टाकण्याआधी कंपनीचं पत्रक वाचा. बरीच ब्लेड त्या उष्णतेत कायमची जातात.

तीनदा म्हणजे तीनदा

उपकरण चांगलं आहे यात वाद नाही. क्लीव्हलँड क्लिनिकच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८४२९ शस्त्रक्रिया होत्या. जास्त वळणाच्या व्हिडिओ ब्लेडने एकाहून अधिक प्रयत्न लागले ते १.७ टक्के वेळा, साध्याने ७.६ टक्के वेळा. पण त्या १.७ टक्क्यांत आपला पेशंट आहे, हे चित्र छान दिसत असताना मनाला पटत नाही. "आत्ता जाईल, आत्ता जाईल" करत पाचवा प्रयत्न होतो आणि घसा सुजतो. आपल्या एआयडीएएच्या (ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशन) २०१६ च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांसाठी जास्तीत जास्त ३ प्रयत्न सांगतात, तेही सॅच्युरेशन ९५ वर असेपर्यंतच. आणि दर प्रयत्नात काहीतरी बदललेलं हवं: ब्लेड, स्टायलेटचं वळण, पोझिशन किंवा घालणारा हात. जमलं नाही तर एलएमए, म्हणजे स्वरयंत्रावर बसणारा मास्क.

ट्यूब जाताना स्क्रीनवर स्वतः पाहिली तरी कॅप्नोग्राफ, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा आलेख, हवाच. कफ फुगवताना, टेप लावताना ती सरकते. २०२२ च्या पूमा (प्रोजेक्ट फॉर युनिव्हर्सल मॅनेजमेंट ऑफ एअरवेज) मार्गदर्शक सूचनांत आलेख किमान ७ श्वास टिकलेला बघायला सांगितलं आहे. एखादी उंच लाट येऊन विरली, तर ट्यूब अन्ननलिकेत आहे असं धरून चाला.

शेवटी कागद. "व्हीएल, ग्रेड १" एवढंच लिहिलं तर पुढच्या भूलतज्ज्ञाला वाटेल, सोपी केस. त्या बाईंच्या कागदावर मी लिहिलं: "डी-ब्लेड, पूर्ण कॉर्ड्स दिसल्या, पहिल्या प्रयत्नात ट्यूब गेली नाही. ब्लेड मागं घेऊन, कडक स्टायलेटवर, ७ नंबरची ट्यूब दुसऱ्या प्रयत्नात. मास्कने श्वास देणं सोपं." त्याची एक प्रत फाइलमधून काढून बाईंच्या नवऱ्याच्या हातात दिली आणि आधारकार्डासोबत ठेवा म्हणून सांगितलं.