१८६० च्या दशकातला बेसबॉल नागपुरात कसा आखावा

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) सैनिक छावण्यांमध्ये न्यूयॉर्क पद्धतीचा (आजच्या बेसबॉलचा पूर्वज असलेला) बेसबॉल खेळत. तोच कस्तुरचंद पार्कसारख्या मोकळ्या मैदानावर आखता येतो.

होमला (फलंदाज उभा राहतो त्या जागी) खुंटी ठोका. तिथून १२७ फूट ३ इंचांवर दुसऱ्या बेसची (बेस म्हणजे धावताना गाठायचा थांबा) खुंटी. दोन्ही खुंट्यांपासून ९०-९० फुटांच्या टेप ताणा. जुळतील तिथे पहिला बेस, विरुद्ध बाजूला तिसरा. नायलॉनची दोरी नकोच, ती ताणते आणि चौकोन तिरपा होतो. पिचर (चेंडू टाकणारा) होमपासून ४५ फुटांवर, चेंडू खालूनच टाकायचा.

१८६४ च्या हंगामापर्यंत एका टप्प्यावरचा झेलही बाद धरत. म्हणून भेगाळलेली काळी माती टाळा, टप्पा वेडावाकडा पडतो. दाबलेला मुरूम उत्तम. हातमोजे नव्हते, तेव्हा क्रिकेटचा लेदर बॉल अजिबात नको, बोटं मोडतील!